पंचांची सही

(इटियाडोह येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



‘पोलिसी झडती आणि नागरिकांचे हक्क’ हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा मी थोडा संकोचलो. मी वकील नाही. उभा जन्म अर्थशास्त्र शिकविण्यात गेला. मग वाटले, वस्तूप्रमाणे हक्कालाही किंमत असते, ती कोणाला परवडते आणि कोणाला परवडत नाही हा प्रश्न तर माझ्याच विषयातला आहे. त्या अधिकाराने बोलतो.

आरंभी एक कबुली देतो. मी नोकरीत असताना आमच्या मागच्या गल्लीत एका बिडी कामगाराच्या घराची झडती झाली. मोहाच्या दारूचा संशय होता. ‘सर, दोन मिनिटे या’ म्हणून मला बोलावणे आले. मी पोहोचलो तेव्हा झडती आटोपली होती. अंगणात एक कॅन ठेवलेला मी पाहिला. लिहून तयार असलेला कागद पुढे आला, सहीच्या जागेवर बोट ठेवण्यात आले आणि मी सही केली. मजकूर वाचला नाही, कारण मला तासाला जायची घाई होती. पुढे कळले की त्या कागदावर तीन कॅन, एक पिंप आणि भट्टीचे साहित्य ‘पंचांसमक्ष’ मिळाल्याची नोंद होती. मी मनाशी ठरविले की न्यायालयाचे बोलावणे येताच जे पाहिले तेवढेच सांगायचे. ते बोलावणे कधी आलेच नाही. त्या गृहस्थाने चार तारखा केल्या. प्रत्येक तारखेला दिवसाची मजुरी बुडे आणि वर गाडीभाडे लागे. पाचव्या तारखेला त्याने गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. मला भेटला तेव्हा म्हणाला, ‘सर, दंड स्वस्त पडला.’

चाळीस वर्षे मी मुलांना किंमत आणि निवड यांचे सिद्धांत शिकवीत होतो. एका अल्पशिक्षित कामगाराने तो सिद्धांत आपल्या अंगावर सोडवून दाखविला होता, आणि त्या गणितातला खोटा आकडा माझ्या सहीने आला होता. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. संविधानातले मोठे हक्क कायद्यातल्या बारीकसारीक नियमांच्या आधाराने जगतात, आणि ते नियम पाळले जातात की नाही हे न्यायालयात ठरण्यापूर्वी दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्याच्या वागण्यावर ठरते.

झडतीचा कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली. कलमांचे क्रमांक बदलले. झडतीसंबंधीची मूळ तत्त्वे मात्र बव्हंशी तीच आहेत. जुने कलम १०० आता १०३ झाले, जुने १६५ आता १८५ झाले.

वॉरंटाशिवाय झडती घेताच येत नाही, असा समज आपल्या अनेक कार्यकर्त्यांत आहे. तो बरोबर नाही. कलम १८५ अन्वये तपासी अधिकारी वॉरंटाशिवाय झडती घेऊ शकतो. परंतु त्याला अटी आहेत. हवी असलेली वस्तू विनाविलंब अन्य मार्गाने मिळणार नाही, अशी त्याची खात्री असली पाहिजे. त्या खात्रीची कारणे त्याने लिहून ठेवली पाहिजेत. शक्य तितक्या नेमकेपणाने कोणती वस्तू शोधावयाची आहे तेही लिहिले पाहिजे. या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेल्या पाहिजेत. म्हणजे ‘बघू काय सापडते ते’ अशा वृत्तीने गरिबाच्या कणगीत हात घालण्याचा अधिकार कायद्याने कोणालाही दिलेला नाही.

कलम १०३ पुढची पायरी सांगते. झडती सुरू करण्यापूर्वी त्या वस्तीतील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना पाचारण केले पाहिजे. झडती त्यांच्यासमक्ष झाली पाहिजे. कोणती वस्तू कोठे सापडली याची यादी तेथेच झाली पाहिजे आणि तिच्यावर पंचांच्या सह्या झाल्या पाहिजेत. घरमालकाला किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला झडतीच्या वेळी हजर राहू दिले पाहिजे आणि यादीची प्रत त्याला दिली पाहिजे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, मर्यादा पाळून घेतली पाहिजे. नव्या संहितेच्या कलम १०५ ने यात एक चांगली भर घातली आहे. झडतीचे आणि जप्तीचे, यादी करण्यापासून सह्यांपर्यंतचे, दृक्‌श्राव्य चित्रीकरण झाले पाहिजे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे गेले पाहिजे. त्यासाठी मोबाइल फोन चालतो. तेव्हा ‘साहेब, चित्रीकरण सुरू आहे ना?’ असे नम्रपणे विचारणे हा उद्धटपणा नाही. तो कायद्याचाच प्रश्न आहे.

‘प्रतिष्ठित’ या शब्दापाशी जरा थांबू. आपल्याकडे त्याचा अर्थ ठेकेदार, दुकानदार किंवा ठाण्याच्या ओळखीतला, दर पंचनाम्यावर सही करणारा नेहमीचा पंच असा होऊन बसला आहे. कायद्यात मालमत्तेची अट नाही. रोवणीला जाणारी बाई प्रतिष्ठित आहे, तलावात जाळे टाकणारा ढिवर प्रतिष्ठित आहे. पंच होण्यास लेखी आदेशाने बोलावले असता सबळ कारणावाचून नकार देणे हा कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा. पंच होणे हे पोलिसांवरचे उपकार नव्हेत, ते नागरिकाचे कर्तव्य आहे. न वाचता सही करणे हे मात्र कोणाचेच कर्तव्य नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढे नियम मोडून झडती झाली तर न्यायालय ती रद्द करील ना? येथे मला तुम्हाला खोटा दिलासा द्यावयाचा नाही. पूरणमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले तत्त्व आजही कायम आहे. झडती बेकायदा होती एवढ्याच कारणाने तीत सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही. न्यायाधीश अशा पुराव्याकडे अधिक सावधपणे पाहतील एवढेच. याचा अर्थ असा की दारात गमावलेला नियम न्यायालयात परत मिळेलच, याची हमी नाही. म्हणूनच दारातल्या दोन माणसांचे मोल फार आहे.

ठाण्याचा उंबरठा

झडतीनंतरची पायरी म्हणजे ठाणे. ज्या धरणाच्या काठी आपण बसलो आहोत, त्या गाढवी नदीवरील धरणाचे पाणी कालव्याने अर्जुनी मोरगावच्या धानाला मिळते आणि पुढे देसाईगंज-वडशाकडेही जाते. वडसा म्हटले की आपल्याला झाडीपट्टीची नाटके आठवतात. पण देशाच्या कायद्याच्या इतिहासात देसाईगंजचे नाव एका वेगळ्या कारणाने नोंदले गेले आहे.

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन, पोरक्या आदिवासी मुलीला तिच्या भावाच्या तक्रारीवरून आणण्यात आले होते. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. जबाब झाले, सर्वजण निघाले, तेव्हा तिला मागे थांबविण्यात आले. तिचे आप्त बाहेर उभे होते. आत पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला, अशी तिची तक्रार होती. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी पुन्हा निर्दोष सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, हे त्या निर्णयाचे आधार होते. तिचे नाव पुस्तकांतून सर्वत्र छापले गेले आहे. मी ते घेत नाही.

१९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्रातला संमतीविषयीचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. त्यातूनच देशभर स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. परंतु त्याच पत्रात आणखी एक मुद्दा आहे, ज्याकडे आपले दुर्लक्ष होते. स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावणे हे कायद्याचे उल्लंघन होय, असे त्याच न्यायालयाने त्याच वर्षी, एप्रिल १९७८ मध्ये, नंदिनी सत्पथी खटल्यात बजावले होते. सत्पथी या ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री होत्या. मग देसाईगंजच्या मुलीला ठाण्यात बोलावून थांबवून घेतल्याबद्दल निर्णयात निषेधाचा एक शब्दही का नाही, असे त्या चौघांनी विचारले.

हा प्रश्न आजही आपला आहे. नव्या संहितेच्या कलम १७९ नुसार साक्षीदार म्हणून चौकशी करावयाची असेल तर स्त्रीला, १५ वर्षांखालील मुलाला, ६० वर्षांवरील पुरुषाला, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्तीला तिच्या राहत्या ठिकाणाबाहेर हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी यावे, असे कायदा सांगतो. हा नियम दोन ओळींचा आहे. त्या रात्री तो कोणी उच्चारला असता आणि पाळला गेला असता, तर पुढच्या साऱ्या न्यायालयांची गरजच पडली नसती. तिचे नातेवाईक बाहेर उभे होते. पण आपण तिच्यासह घरी जाऊ शकतो, हे त्यांना कोण सांगणार होते?

बाविसावे कलम आणि आपण

आणखी एका १५ सप्टेंबरची आठवण देतो. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत एक नवे कलम मांडले. तेच पुढे कलम २२ झाले. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. जीवित आणि स्वातंत्र्य यांच्या कलमात जी उणीव राहिली होती तिची भरपाई म्हणून त्यांनी ही तरतूद आणली. १९५४ च्या पोटनिवडणुकीत हेच बाबासाहेब आपल्या भंडारा मतदारसंघातून राखीव जागेवर उभे होते. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. तेव्हा हा परगणा त्यांचे देणे लागतो. कलम २२ निदान येथे तरी पाळले जावे, ही त्या देण्याची परतफेड ठरेल.

या कलमाला धार आली ती एका समाजवाद्यामुळे. नोव्हेंबर १९६८ मध्ये मधू लिमये यांना बिहारात लखीसराय येथे अटक झाली. अटकेची कारणे सांगण्यात आली नाहीत. त्यांनी तुरुंगातून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि आपली बाजू स्वतः मांडली. कारणे न सांगता झालेली अटक नंतरच्या कोठडीच्या आदेशाने शुद्ध होत नाही, असे सांगून डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्यांना मुक्त केले. पुढे १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात न्यायालयाने अटकेची नियमावलीच घालून दिली. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसले पाहिजे. अटकेची टिपणी लिहून तिच्यावर कुटुंबातील किंवा वस्तीतील साक्षीदाराची सही घेतली पाहिजे. नातेवाइकाला कळविले पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. अटकेची कारणे अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्यापूर्वी निदान दोन तास आधी ती त्याच्या हाती पडली पाहिजेत. ‘समजेल अशा भाषेत’ हे शब्द ध्यानात ठेवा. आपल्या भागात गोंडी बोलणारी माणसे आहेत.

कलम २१ आणि २२ मधला शब्द ‘नागरिक’ असा नाही, ‘व्यक्ती’ असा आहे. येथून जवळच गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे भारताचे नागरिकत्व नाही, त्यांनाही हे संरक्षण तितकेच आहे. हक्क मिळण्यापूर्वी कागद दाखवा, असे या दोन कलमांनी कोणालाही म्हटलेले नाही.

‘पोलिसांचे हात बांधायचे काय?’

हा प्रश्न आपल्या सभांत हटकून येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोंदिया आणि गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवादी हिंसेने आदिवासींचे आणि पोलिसांचे किती बळी घेतले, हे तुम्हाला मी सांगावयास नको. त्यात मेलेला शिपाई बहुतेक वेळा याच मातीतला, आपल्याच कोणा शेतकऱ्याचा मुलगा होता. पण ‘जनअदालत’ म्हणून जे चाले, त्यात काय नसे? पंच नसत, यादी नसे, वकील नसे, २४ तासांची मर्यादा नसे, अपील नसे. ज्याच्यावर संशय, त्याला शिक्षा. आपण समाजवादी त्या मार्गाचा निषेध करतो तो याच कारणाने. मग शासनानेही पंचांवाचून, कारणांवाचून माणसे उचलावयाची ठरविली, तर दोहोंत फरक तो काय उरला? कार्यपद्धती हे पोलिसांच्या हातातले बेडीचे कडे नव्हे. ती त्यांची ओळख आहे. शिवाय खोट्या पंचनाम्यावर उभा केलेला खटला कोसळतो, तेव्हा खरा गुन्हेगारही सुटतो.

भीतीच्या काळात केलेले कायदे कोणावर उगारले जातात, याचा अनुभव आपल्याजवळ आहे. टाडा कायदा पंजाबसाठी म्हणून आणला गेला आणि गडचिरोलीच्या आदिवासींवरही लावला गेला. पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब त्या कायद्याने ग्राह्य मानला होता. इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात जे केले नाही, ते स्वतंत्र भारताने केले! तो कायदा १९९५ मध्ये संपला, पण मकोकात तीच तरतूद आजही आहे. नव्या संहितेने पंधरा दिवसांची पोलीस कोठडी एकसलग न ठेवता पुढच्या दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागण्याची वाट खुली केली. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. संघटना बेकायदा ठरविणे आणि त्यांच्या जागा ताब्यात घेणे असे व्यापक अधिकार त्यात शासनाला देण्यात आले आहेत. आणीबाणीत देशातील नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची बाजू उचलून धरली, तरी २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या तोंडावर दार लावले. न्या. हंसराज खन्ना तेवढे एकटे वेगळे उभे राहिले. ती चूक पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने आणि २०१७ च्या निर्णयाने दुरुस्त झाली, पण एकोणीस महिने तुरुंगात काढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचे दिवस कोणी परत दिले नाहीत.

आपण काय करावे

आता पुन्हा त्या बिडी कामगाराकडे येतो. कायद्याने गृहीत धरलेला माणूस रिकामा वेळ असलेला, वाचता येणारा आणि वकिलाची फी परवडणारा असतो. आपला माणूस रोजंदारीवर असतो. त्याची सायकल किंवा मोबाइल जप्त झाला की त्याचा रोजगारच जप्त होतो. जप्त वस्तू ठाण्यात वर्षानुवर्षे सडत ठेवू नयेत, पंचनामा व छायाचित्रे करून त्या लवकर परत द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करावयाचा असतो हे कोणीतरी सांगावे लागते. हक्काची ही किंमत एकट्याने भागविता येत नाही. ती वाटून घेतली तरच परवडते. सहकाराचे हे तत्त्व आपण धानाच्या खरेदीला लावतो, पतपेढीला लावतो. ठाण्याच्या पायरीलाही ते लावले पाहिजे.

म्हणून प्रत्येक गावात आपल्या शाखेने निदान चार माणसे तयार करावीत, त्यांत दोन स्त्रिया असाव्यात. झडतीची बातमी येताच त्यांनी तेथे जावे आणि पंच होण्याची तयारी दाखवावी. सही करण्यापूर्वी कागद वाचावा किंवा वाचून घ्यावा. जे पाहिले नाही ते यादीत असेल तर तसे सांगावे, आणि तरीही तसाच कागद पुढे केला तर सहीशेजारी तेवढे लिहावे. कोऱ्या कागदावर सही करू नये. पोलिसांच्या अंगावर जाऊ नये, आवाज चढवू नये. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागला तर मूळ प्रश्न बाजूला पडतो. नाव, हुद्दा, वेळ, साक्षीदार हे त्याच दिवशी वहीत टिपावे. तपासात पोलिसांना दिलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही, हे प्रत्येकाला सांगावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील प्रत्येक माणूस यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, तेव्हा तालुका विधी सेवा समितीचा पत्ता शाखेच्या फळ्यावर लिहून ठेवावा. आणि कोणालाही एकट्याने ठाण्यात जाऊ देऊ नये.

हे काम मोर्चाइतके दिमाखाचे नाही. यात फोटो छापून येत नाही, कदाचित तुमचा अर्धा दिवस जाईल आणि मजुरीही बुडेल. माझा त्या दिवशी एक तास बुडाला असता. तो मी वाचविला, आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरली. तुमच्यापैकी ज्यांच्यापुढे असा कागद येईल, त्यांनी खिशातून चष्मा काढावा, कागद हातात घ्यावा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचावा. साहेबांना थांबावे लागले तरी हरकत नाही.